टिकली लावलेली फ्लॉपी

प्रत्येक शहराच्या वाट्याला एक तरी असा माणूस येतो, की ज्याच्यासाठी काळाची पावलं क्षणभर थबकतात. आमच्या झाशीच्या वाट्याला आलेला असा माणूस प्रेम नगरात माझ्या खालच्या मजल्यावर राहायचा, आणि त्याच्यासाठी थबकायचा तो माझा मिक्सर.

"ग्रंथपाल! मिक्सर बंद! बूट होतंय!"

जिन्यातून ही आरोळी आली की खोबरं अर्धवट वाटलेलं सोडून बटण बंद करायचं, असा भाडेकरार होता. तोंडी होता, पण लेखीपेक्षा कडक. खाली संगणक सुरू होताना विजेचा दाब हलता कामा नये, म्हणून. ते माझे घरमालक. मी त्यांना काका म्हणायचे आणि ते मला हुद्द्यानं हाक मारायचे, कारण त्यांच्या मते नावं लोक ठेवतात, हुद्दा मात्र मिळवावा लागतो. कानपूरच्या रस्त्यावरच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. पुढं जे झालं त्यात या नोकरीचा दोष आहे, आणि माझा तर आहेच.

काकांच्या बैठकीत तीन जुने संगणक होते. ज्या सरकारी खात्यात त्यांनी उभा जन्म काढला, तिथून निकालात निघालेले, भंगाराच्या भावानं त्यांनी उचलून आणलेले. तिघांच्याही पोटात स्वतःचं असं काही नव्हतं. सुरू केले की नुसते घुरघुरायचे आणि काळा पडदा दाखवायचे. मग तळहाताएवढी, काळी, कागदासारखी लवणारी फ्लॉपी त्यांच्या फटीत सरकवायची, त्या फटीच्या छोट्या दाराची कडी लावायची, आणि त्या फ्लॉपीवर जी सिस्टम असेल ती वाचून यंत्र जागं व्हायचं. जी फ्लॉपी घालाल तसं यंत्र. सकाळी डॉस घातली तर डॉससारखं वागणार, दुपारी दुसरी घातली तर सकाळची ओळखसुद्धा देणार नाही.

"माणसांचं वेगळं काय आहे?" काका म्हणायचे. "तुमच्या त्या शेजारीणबाई पाहा. घरात मराठी, सदर बाजारात हिंदी, भाजीवाल्याशी बुंदेली. तीन फ्लॉप्या. फक्त बदलताना कडीचा आवाज येत नाही."

माणसाबद्दल मत बनवायची त्यांची रीतही हीच होती. कुणी नवा मनुष्य भेटून गेला की विचारायचे, "हा आज कोणती घालून आला होता?" आमच्या कॉलेजच्या डायरेक्टरसाहेबांना ते पहिल्यांदा भेटले तेव्हा मात्र त्यांनी हे विचारलं नाही. म्हणाले, "या गृहस्थांचं दार नुसतंच उघडं आहे."

उन्हाळ्यात झाशीची वीज कशी वागते हे मी सांगायला नको. म्हणून काका पहाटे पाचला उठायचे, साबणानं हात धुवायचे, पंच्यानं कोरडे करायचे, आणि फ्लॉपी कडेला धरून, लेबलावर अंगठा टेकवून, पाकिटातून काढायचे. तिच्या आवरणात एक लांबट खिडकी असते. तिथून आतली तपकिरी, चकचकीत तबकडी दिसते. त्या खिडकीला बोट लावणाऱ्याला काका पुन्हा घरात घेत नसत. वीज कंपनीचा मीटर वाचणारा असा कायमचा बाहेर गेला होता. तो अंगणातून दुर्बिणीनं पाहावं तसं वाचून जायचा.

फ्लॉपीच्या कडेला एक चौकोनी खाच असते. ती झाकली, की तिच्यावर कुणाला काही लिहिता किंवा पुसता येत नाही. पूर्वी त्यासाठी पाकिटाबरोबर चिकटपट्ट्या यायच्या. त्या संपल्यावर काका टिकल्या वापरू लागले. मोठ्या, मरून रंगाच्या, कडेवरून दुमडून दोन्ही बाजूंनी चिकटवायच्या. सदर बाजारातल्या बांगड्यांच्या दुकानात मी एकदा त्यांच्याबरोबर होते.

"किसके लिए चाहिए, अंकल जी?" दुकानदारानं विचारलं.

"सिस्टम डिस्क के लिए."

"आंटी जी को कौन-सी पसंद है?"

"वो तो यही लगाती थीं," काका म्हणाले आणि पाकीट उचललं.

काकू जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मी त्यांना पाहिलेलं नाही. पण ऐकलेलं आहे, आणि ते कसं, हे सांगण्यासाठीच हा सगळा खटाटोप.

डॉस आणि दुपारी घालायची ती दुसरी, या दोन सिस्टमी जगात सगळ्यांकडे होत्या. तिसरी फक्त काकांकडे होती, कारण ती त्यांनीच केली होती. नोकरीत असताना, सुटीच्या दिवशी, तीन वर्षं खपून. ती फ्लॉपी घातली की इंग्रजी अक्षराऐवजी पडद्यावर हिरव्या ठिपक्यांत एकच शब्द यायचा: "बोला."

अक्षरं काकूंनी काढली होती. आलेखाच्या कागदावर, रांगोळीचे ठिपके मांडावेत तशी. आणि यंत्रानं काय म्हणायचं तेही काकूंनीच ठरवलं, कारण काकांनी लिहिलेले संदेश त्यांना पसंत पडले नाहीत. 'आपली आज्ञा अवैध आहे' असं काकांनी लिहिलं होतं. काकू म्हणाल्या, असं घरात कोण बोलतं?

म्हणून फटीची कडी लावायला विसरलात तर पडद्यावर यायचं: "दार लावा आधी." मागितलेली गोष्ट सापडली नाही तर: "फडताळात नाही." जागा संपली तर: "मावत नाही." टिकली लावलेल्या फ्लॉपीवर लिहायला गेलात तर: "भांडं झाकलेलं आहे, हात घालू नका." आणि भलतंच काही टंकलंत तर: "नीट सांगा, मला दुसरी कामं आहेत." क्षमा मात्र हे यंत्र कुणाचीच मागायचं नाही. 'क्ष' तेवढ्या ठिपक्यांत बसला नव्हता, आणि काकूंनी त्याची फारशी खंतही केली नव्हती.

झाशीत आमची मराठी घरं किती आणि त्यांतली बोलती किती, हा हिशेब मी करत नाही. आमची मुलं मराठी समजतात आणि उत्तर हिंदीत देतात. काकांचा मुलगा, वय वर्षं पंचेचाळीस, दिल्लीत मोठ्या पदावर, दिवाळीला आला होता. "पापा, ये सब अब लैपटॉप पे ही चल जाता है, इतना कबाड़ क्यों रखते हो," असं म्हणत त्यानं उभ्या उभ्याच कळफलकावर काहीतरी बडवलं. पडद्यावर आलं: नीट सांगा, मला दुसरी कामं आहेत. तो खुर्ची ओढून खाली बसला. शर्टाचं वरचं बटण लावलं. मग म्हणाला, "ये तो मम्मी है."

"हो," काका म्हणाले. "आणि ती हिंदी घेत नाही."

आता मूर्खपणाकडे येते. पहिला मूर्खपणा खुद्द काकांचा. प्रत्येक फ्लॉपीच्या दोन प्रती ठेवाव्यात, हे ते आल्यागेल्याला सांगायचे. याला अपवाद एकच फ्लॉपी होती. आपली सिस्टम कुणी चोरील या भीतीनं त्यांनी तरुणपणी तबकडीला मुद्दाम सुईनं एक भोक पाडलं होतं. सुरू होताना सिस्टम आधी ते भोक शोधायची. नकलेत भोक नसणार, म्हणून नक्कल चालायची नाही. अशा सुईनं टोचलेल्या चार अस्सल फ्लॉप्या त्यांनी केल्या होत्या. तीन बुरशीनं गेल्या. मूळ आज्ञांची कागदी चळत वाळवीनं खाल्ली. राहिली एक.

"पण चोरणार कोण होतं, काका?"

"एकदा जवळच्या मोठ गावाहून एक माणूस आला होता."

"सिस्टम मागायला?"

"नाही. धान्य बाजारातला काटा बिघडला होता, त्याची तक्रार घेऊन. पण बघत होता बराच वेळ."

अशा फ्लॉप्यांचीही हुबेहूब प्रत काढणारं उपकरण आता मिळतं, हे मी वाचलं होतं आणि त्यांना सांगितलंही. ते म्हणाले, दिवाळीनंतर मागवू. दिवाळीच्या आधी दसरा येतो, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी नवमी, हे आम्ही दोघंही जाणून होतो.

दुसरा मूर्खपणा माझा. कॉलेजात चहाच्या वेळी मी या यंत्राबद्दल बोलले. डायरेक्टरसाहेबांनी कप खाली ठेवला. ज्या माणसानं चार वर्षांत ग्रंथालयासाठी एक कपाट मंजूर केलं नाही, त्यानं आठ दिवसांत 'संगणक विरासत दालन' मंजूर केलं. माझ्याच वाचनकक्षाचा अर्धा भाग काचेनं तोडून. उद्घाटन नवमीला, शस्त्रपूजेच्या मुहूर्तावर. निमंत्रणपत्रिकेवर प्रमुख पाहुण्यांच्या नावाआधी सहा उपाध्या होत्या. काकांचं नाव 'विशेष सहयोग' या शब्दांखाली होतं, आणि चुकलेलं होतं.

काका यायला तयार नव्हते. मी त्यांना तयार केलं. मी म्हणाले, काका, शंभर मुलं बघतील. त्यांना कळेल की संगणक मराठीसुद्धा बोलला होता, इथं, झाशीत. ते बराच वेळ पंच्याला हात पुसत राहिले. मग म्हणाले, "तिला माणसांत जायला आवडायचं."

त्यांनी अटींचा कागद लिहून दिला. धूर नको. धूळ नको. कुणाचं बोट नको. फ्लॉपी मीच घालणार. डायरेक्टरसाहेबांनी कागद न वाचता खिशात घातला आणि म्हणाले, "हो जाएगा सर, सब हो जाएगा." 'सब हो जाएगा' म्हणजे काहीही होणार नाही, हे एवढी वर्षं या शहरात काढून मला कळायला हवं होतं.

नवमीच्या सकाळी एक यंत्र गादीवर निजवून गाडीतून नेलं. प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले. पंडितजी वेळेवर आले होते, त्यामुळे त्यांच्याकडे मोकळा वेळ फार होता. त्यांनी यंत्राला हार घातला, पडद्यावर स्वस्तिक काढलं, कळफलकावर फुलं वाहिली. काका मागच्या भिंतीशी विजेचा दाब तपासत होते. फ्लॉपी माझ्या हातात, पाकिटात होती.

"मैडम, फ्लॉपी थाली में रख दीजिए," डायरेक्टरसाहेब म्हणाले. "बस फोटो के लिए."

मी ठेवली. पाकिटासकट ठेवली, हा माझा बचाव, आणि तो पुरेसा नाही हे मला माहीत आहे.

पंडितजींनी ती पाकिटातून बाहेर काढली. "लिफ़ाफ़े में पूजा थोड़े ही होती है." उलटसुलट करून पाहिली. कडेची टिकली दिसली तसा त्यांचा चेहरा उजळला. "अरे, बिंदी लगी है! ये तो देवी का यंत्र है." आणि देवीचं यंत्र म्हटल्यावर त्यांनी हात आखडता घेतला नाही. ओल्या रोळीचा, म्हणजे कुंकवाचा, अंगठा त्यांनी बरोबर त्या लांबट खिडकीवर टेकवला, जिथं तबकडी उघडी असते. कारण तिथंच चकचकीत, मोकळी जागा होती. त्यावर अक्षता लावल्या. मग मधल्या भोकातून लाल कलावा, पूजेचा दोरा, ओवला. "छेद भी छोड़ा है, देखिए. पुराने लोग सोच-समझकर बनाते थे." आणि तीन गाठी मारल्या.

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मी ओरडायला हवं होतं. ओरडले नाही, कारण मंत्र चालू होते, आणि मंत्र चालू असताना मध्ये बोलू नये, असं मला घरी शिकवलेलं आहे. मी इतकी पुस्तकं वाचली आहेत, सभासमारंभांना इतकी हसले आहे, आणि ऐन वेळी माझ्यात कोणती फ्लॉपी होती ते तेव्हा कळलं.

पुढचं लवकर झालं. प्रमुख पाहुणे आले, त्यांनी थाळीतली फ्लॉपी उचलली, कलाव्याचे दोरे लोंबत असताना ती फटीत कोंबली आणि कुणीतरी कडी लावली. यंत्रानं ती फिरवायचा प्रयत्न केला. खर्र असा आवाज आला. तांदळाचा दाणा तबकडीवरून फिरला की तसाच आवाज येतो, हे मला नंतर कळलं. पडदा काळाच राहिला. पण मागच्या मोठ्या पडद्यावर आधीच तयार करून ठेवलेलं चित्र झळकलं, "सफलतापूर्वक प्रारंभ", आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रमुख पाहुणे माइकवर म्हणाले की, आज आपण सगळे इतिहासाचे साक्षी आहोत. हे मात्र खरं होतं.

काका गर्दीतून पुढे आले. त्यांनी कडी उघडली, फ्लॉपी कडेला धरून बाहेर काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. मला वाटलं, आता हा माणूस कुणाचा तरी गळा धरणार. मी असते तर धरला असता.

"पंडितजी," ते म्हणाले, "गाँठ अच्छी बाँधी है आपने."

"माताजी की कृपा है," पंडितजी म्हणाले.

"ग्रंथपाल, कात्री आहे?"

"अरे नहीं नहीं, सर!" डायरेक्टरसाहेब धावले. "कलावा मत काटिए, ग्रुप फोटो बाकी है. और सर, ये तो अब लोकार्पित हो गई. रजिस्टर में चढ़ गई. अब ये शीशे में रहेगी."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग फ्लॉपीकडे. "आज रात घर में रहने दीजिए," ते म्हणाले. "कल भिजवा दूँगा. कलावे समेत."

संतापानं मला घरी जेवण गेलं नाही. पंडितजींवर नाही. त्या माणसानं आपलं काम मन लावून केलं, आणि त्या दालनात असं करणारा तो एकटाच होता. ज्यांना ती फ्लॉपी कशाची आहे हे ऐकायलासुद्धा सवड नव्हती, पण तिच्या बाजूला उभं राहायला होती, त्यांच्यावर. आणि थाळीत ती ठेवणाऱ्या हातावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी वर हाक मारली. "ग्रंथपाल, खाली या. मिक्सर चालू असला तरी चालेल." खाली त्यांनी पाट मांडला होता. कलाव्याच्या गाठी सोडवून त्यांनी दोरा बाजूला ठेवला, मग दाढीच्या पात्यानं फ्लॉपीच्या आवरणाची एक कड उसवली आणि आतली तबकडी अलगद ओढून काढली. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. बोटांच्या पेरांनी, बाळाचं डोकं धुवावं तशी त्यांनी ती धुतली. पाणी गुलाबी झालं. मग उपड्या पेल्यावर ती वाळत ठेवली. तिच्यावर एक बारीक गोल चरा उमटला होता, दाण्याचा. डॉसची एक चांगली फ्लॉपी फाडून तिचं आवरण या तबकडीला दिलं, आणि जुनी टिकली सोडवून नव्या खाचेवर लावली.

कडी लावली. यंत्र घुरघुरलं, अडखळलं, पुन्हा घुरघुरलं. हिरव्या ठिपक्यांत आलं: बोला.

काकांनी टंकलं, 'काय काय आहे'. यादी दाखवण्याची ती आज्ञा. पडद्यावर आलं: नीट सांगा, मला दुसरी कामं आहेत.

दुसरी आज्ञा दिली. नीट सांगा, मला दुसरी कामं आहेत. तिसरी. तेच. एकेक करून त्यांनी सगळ्या आज्ञा देऊन पाहिल्या. चरा नेमका आज्ञांच्या यादीवरून गेला होता. यंत्राला आता एकही आज्ञा ओळखता येत नव्हती. फडताळ गेलं, भांडं गेलं, दार गेलं. उरलं ते एवढंच वाक्य.

"काका," मी म्हणाले, "माझ्यामुळे..."

"थांबा," ते म्हणाले. त्यांनी टंकलं, 'आज वांगी आणली आहेत'.

नीट सांगा, मला दुसरी कामं आहेत.

काका मागे रेलले. "पूर्वीही साधारण असंच चालायचं," ते म्हणाले.

त्यानंतर ते रोज पहाटे बसायचे. वांगी आणल्याचं सांगायचे, गुडघ्याचं सांगायचे, मुलाचा फोन आल्याचं सांगायचे, आणि बोलणी खाऊन चहा टाकायला उठायचे. माझ्याशी त्या नवमीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं. मिक्सर बंदची आरोळी पूर्ववत सुरू झाली, तीच काय ती माफी. दोन वर्षांपूर्वी ते गेले. मुलगा आला, यंत्रासमोर थोडा वेळ बसला आणि ते माझ्याकडे ठेवून गेला. म्हणाला, "आप रखिए. आपसे मराठी में तो बात करेगी."

मोकळं झालेलं जुनं आवरण काकांनी तबकडी धुतली त्याच दिवशी माझ्याजवळ दिलं होतं. उसवलेली कड डिंकानं बेमालूम चिकटवून, रोळीसकट, कलाव्याच्या पुन्हा तशाच मारलेल्या तिन्ही गाठींसकट, आत काहीही नसलेलं. "लोकार्पित वस्तू आहे," म्हणाले. "शब्द दिलाय." मीच ते नेऊन डायरेक्टरसाहेबांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावलं.

ते आता मखमलीवर, काचेत आहे. खाली पितळी पाटी आहे: 'देश की पहली मराठी फ्लॉपी. चालू हालत में.' दर नवमीला पंडितजी काच उघडून तिला टिळा लावतात. वर्षाच्या शेवटी दालनातल्या वस्तूंची पडताळणी ग्रंथपालानं करायची असते. नोंदवहीत मी दरवर्षी लिहिते: फ्लॉपी, एक नग, वजनात घट नाही.